पानिपतच्या गोलात मधे कोण होतं?

संक्रांत तोंडावर आली आहे. गटागटांत तीळ निवडणं, वाणाला काय आणायचं हे ठरवणं सुरू झालं असेल. आजचा भाग आम्ही मुद्दाम या आठवड्यात ठेवला आहे, कारण १४ जानेवारी ही तारीख पानिपतच्या लढाईचीही आहे. दुसरं कारण असं, की आपल्या भागातले दोन-तीन गट उन्हाळ्याआधी उत्तरेच्या यात्रेला निघणार आहेत. दिल्ली, कुरुक्षेत्र, हरिद्वार असा त्यांचा बेत आहे. पानिपत याच वाटेवर आहे. दिल्लीच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटर. कुरुक्षेत्राला जाणारी रेल्वे पानिपतवरूनच जाते आणि मोठा रस्ताही तिथूनच जातो. मग तिथं अर्धा दिवस उतरावं का? उतरलं तर काय बघावं, कुणाची आठवण काढावी? आज याच्याबद्दल बोलू.

पानिपत ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्याही बोलण्यात ते रोज असतं. निवडणुकीत एखाद्या पक्षाची धूळधाण उडाली की आपण म्हणतो, त्यांचं पानिपत झालं. जत्रेत नुसती रेटारेटी झाली की म्हणतो, काय ही भाऊगर्दी. हा भाऊ म्हणजे पानिपतावर मराठ्यांचे सेनापती असलेले सदाशिवरावभाऊ, आणि ती गर्दी म्हणजे त्या दिवशी झालेली दाणादाण. कुणी कुणाला हलकं लेखायचं असलं की म्हणतो, हे सगळे बाजारबुणगे. हा शब्दही लष्कराच्या तळावरचा आहे. जे हातात हत्यार घेऊन लढत नाहीत, पण फौजेबरोबर चालतात, ते बुणगे. हा शब्द नीट लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच आहे.

आधी काय झालं ते थोडक्यात सांगतो. पानिपतावर तीन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १५२६ साली, बाबर आणि इब्राहिम लोदी यांच्यात. दुसरी १५५६ साली, अकबराची फौज आणि हेमू यांच्यात. तिसरी १७६१ सालची. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला अफगाणिस्तानचा बादशहा अहमदशहा अब्दाली आणि त्याला येऊन मिळालेले रोहिला सरदार नजीबखान आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला.

मराठ्यांनी फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव केला होता. तिथून फौज पडदूरला आली. हे पडदूर म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं परतूर. मार्च महिन्यात याच गावाहून भाऊसाहेब उत्तरेला निघाले. म्हणजे पानिपतची वाट मराठवाड्यातल्या एका गावातून सुरू झाली. ऑगस्टमध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. ऑक्टोबरमध्ये आणखी उत्तरेला कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला आणि तिथला धान्यसाठा हाती लागला. तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन उभा राहिला. मराठ्यांचा घरचा रस्ता त्याच्या पाठीमागे गेला. पानिपत गावाला धरून मराठ्यांनी छावणी घातली, भोवती खंदक खणला आणि अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसून राहिल्या.

त्या छावणीत किती माणसं होती? आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही. पण लढणारे आणि न लढणारे मिळून लाखाच्या वर माणसं होती, असं बहुतेकजण मानतात. आता गटातल्या हिशेबनीस बाईंनी कागद घ्यावा. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं, तर लाख माणसांना रोज ५०० क्विंटल लागतं. क्विंटलाचं एक पोतं धरा, म्हणजे रोज ५०० पोती. अडीच महिन्यांचे ७५ दिवस धरले, तर ३७,५०० पोती. यात घोड्यांचा हरभरा नाही, बैलांचा चारा नाही, जळण नाही, मीठ नाही. शाळेच्या पुस्तकात पानिपत का हरलो याची मोठमोठी कारणं असतात. ज्या बाईनं लग्नाच्या पंगतीचा शिधा काढला आहे, तिला एक कारण पुस्तक न उघडताही कळतं. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि छावणीत धान्य येणं जवळजवळ थांबलं.

काशीराज नावाचे दक्षिणी पंडित शुजाउद्दौलाच्या पदरी होते. त्यांनी ही लढाई समोरच्या बाजूनं पाहिली आणि पुढे फारसीत लिहून ठेवली. ते सांगतात, की शेवटी शिपाई भाऊसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही, इथं उपाशी मरण्यापेक्षा शत्रूवर जाऊन काय व्हायचं ते होऊ द्या. त्यावर लढाई ठरली. तो दिवस १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं, असं आपण सर्रास ऐकतो. पण संक्रांत ही सूर्याच्या गतीवर ठरते आणि इंग्रजी तारखेच्या मानानं ती हळूहळू पुढे सरकते, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७६१ साली, संक्रांत १४ तारखेच्या तीन-चार दिवस आधी येऊन गेली होती. म्हणजे छावणीतल्या बायकांची संक्रांत उपासमारीतच पार पडली.

हो, छावणीत बायका होत्या. आता त्या गोलाकडे येऊ.

भाऊसाहेबांचा बेत असा होता, की सगळ्या फौजेनं एक मोठा गोल करायचा. बाहेरून तोफा, गारदी, घोडदळ. मधे सगळे न लढणारे. हा गोल फुटू न देता शत्रूची फळी कापत यमुनेकडे आणि पुढे दिल्लीकडे सरकायचं. यालाच गोलाची लढाई म्हणतात. गोलाच्या कडेला कोण होतं ते आपल्याला पाठ असतं. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, जनकोजी शिंदे, मल्हारराव होळकर, शमशेरबहाद्दर, दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव विंचूरकर. पण मधे कोण होतं?

मधे सरदारांच्या आणि शिपायांच्या बायका होत्या, मुलं होती, म्हाताऱ्या आया होत्या. त्या काळी एकट्यादुकट्यानं काशी-प्रयाग-मथुरेला जाणं म्हणजे वाटेत लुटलं जाण्याची भीती. मोठी फौज उत्तरेला निघाली की तिच्या सोबतीनं यात्रेकरू निघत. आपण आज ओळखीच्या यात्रा कंपनीची बस बघतो, तसंच ते होतं. पुढे पेशवाईचा कारभार ज्यांनी सांभाळला ते नाना फडणीस तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. तेही आई आणि पत्नीला घेऊन असेच गेले होते. आईला गंगास्नान करायचं होतं. नानांनी स्वतःचं छोटंसं आत्मचरित्र लिहून ठेवलं आहे, त्यात हे आहे. पत्नी पुढे त्यांना भेटली. आई पानिपतावरून परत आली नाही.

आणि मधे बुणगे होते. पखालीतून पाणी आणणारे भिस्ती, घोड्यांना नाल मारणारे नालबंद, लोहार, सुतार, चांभार, शिंपी, दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाया, स्वयंपाकी, बैल हाकणारे, तंबू ठोकणारे, वैद्य, वाणी, हमाल. हत्यार नसलेली ही माणसं नसती तर हत्यारवाल्यांना पाणीसुद्धा मिळालं नसतं. त्यांनाच आपण बाजारबुणगे म्हणून नाक मुरडतो.

सकाळी लढाई सुरू झाली. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी पार कापून काढली. दुपारपर्यंत मराठ्यांची बाजू वर होती. मग अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज सोडली. मराठ्यांकडे राखीव असं काही उरलंच नव्हतं. माणसं आणि घोडी उपाशी होती. दुपारी गोळी लागून विश्वासराव पडले, कोवळा पोरगा होता तो, आणि थोड्या वेळात गोल फुटला. भाऊसाहेब लढता लढता गेले. इब्राहिमखान आणि जनकोजी पकडले गेले आणि नंतर मारले गेले. दुसऱ्या दिवशी हाती लागलेल्या हजारो पुरुषांची कत्तल झाली. बायका आणि मुलं गुलाम म्हणून वाटून घेतली गेली. अब्दाली परत जाताना शिखांच्या तुकड्यांनी वाटेत छापे घालून बऱ्याच बायकांची सुटका केली, असं शीख इतिहासकार सांगतात. ज्या निसटल्या त्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या मुलखात आसरा मिळाला. त्यांच्या राणी किशोरी यांनी अन्न दिलं, वस्त्रं दिली, जखमींची सोय केली, हे उत्तरेत आजही आदरानं सांगतात. बाजीराव आणि मस्तानी यांचे चिरंजीव शमशेरबहाद्दर जखमी होऊन तिथंच वारले. त्यांची कबर भरतपुरात आहे.

महादजी शिंदे त्या दिवशी पायाला जबर जखम होऊन पडले होते. त्यांना बैलावर घालून वाचवलं ते राणेखान नावाच्या भिस्त्यानं. पाणी वाहणारा माणूस, म्हणजे बुणगाच. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं, सरदार केलं. पुढे दिल्लीचा कारभार महादजींच्या हाती आला, त्या सगळ्याच्या मुळाशी एका पखालवाल्याची माणुसकी आहे. एका बुणग्याचं नाव आपल्याला कळलं, कारण त्यानं ज्याला वाचवलं तो मोठा माणूस होता. बाकीच्यांनी कुणाला वाचवलं असेल, ते कुणी लिहिलं नाही.

आता प्रत्यक्ष तिथं गेल्यावर काय करायचं ते बघू.

शहरापासून आठेक किलोमीटरवर काला आंब नावाची जागा आहे. शहरातून रिक्षा करून जाता येतं. तिथं एक आंब्याचं झाड होतं, लढाईतल्या रक्तानं त्याचं सगळं काही काळं पडलं, अशी आख्यायिका आहे. ते झाड आता नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ आहे, भोवती लोखंडी कठडा आणि बाग आहे. खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? रणांगण हे देवळासारखं किंवा किल्ल्यासारखं नसतं. तिथं बघण्यासारखं फार काही उभं नसतं. सपाट जमीन, थंडीत गहू आणि मोहरीची शेतं. म्हणून तिथं डोळ्यांपेक्षा प्रश्नांचं काम जास्त असतं. आम्ही आमच्या गटासाठी पाच प्रश्न काढले होते, ते तुम्हालाही देतो.

पहिला प्रश्न, तोंड कुठं होतं? स्तंभापाशी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहा. मराठे असे उभे होते, समोर अब्दाली, त्याच्यामागे दिल्ली आणि त्याच्याही मागे हजार-दीड हजार किलोमीटरवर आपली घरं. जानेवारीत दुपारी उभ्या राहिलात तर खाली आलेलं ऊन सरळ डोळ्यांत येतं. पुस्तकातली दोन पानं वाचून जे कळत नाही ते इथं दोन मिनिटांत कळतं.

दुसरा प्रश्न, पाणी कुठं होतं? पूर्वेला यमुना आहे. गोल तिकडेच सरकणार होता. एवढ्या माणसांना आणि जनावरांना रोज पाणी कुठून येत असेल, कोण आणत असेल, हे आपापसांत बोला. आपल्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा प्रश्न, शेतं कुणाची होती? दोन फौजा अडीच महिने तळ देऊन बसल्या, म्हणजे आसपासच्या गावांत पीक राहिलं नसणार, जळणाला झाड राहिलं नसणार. त्या गावांतल्या बायकांचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. आपण तिथं पाहुण्या म्हणून उभ्या आहोत, हे मनात ठेवलं की बोलणंही जरा नरम येतं.

चौथा प्रश्न, कोण कुणाच्या बाजूनं होतं? हा प्रश्न आज फार महत्त्वाचा आहे, कारण मोबाईलवर पानिपतच्या नावानं काय काय फिरत असतं ते तुम्ही बघताच. एका धर्माची दुसऱ्या धर्माशी लढाई, असं दोन ओळींत सांगून मोकळे होतात. पण भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता आणि त्यानं त्यासाठी जीव दिला. उलट शुजाउद्दौलाच्या फौजेत अनुपगीर आणि उमरावगीर हे गोसावी आपल्या नागा साधूंसह अब्दालीच्या बाजूनं उभे होते. आणि लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊसाहेबांच्या देहांना अग्नी मिळावा म्हणून खटपट केली ती शत्रूच्या गोटातल्या शुजाउद्दौलानं आणि काशीराजांसारख्या त्याच्या माणसांनी. पोरांना हे सगळं सांगा. अर्धं सांगितलं तर ज्यांनी जीव दिला त्यांच्यातल्याच काहींना आपण परत एकदा मारतो.

पाचवा प्रश्न, इथं नाव कुणाचं नाही? फलक वाचा, मोठी नावं वाचा, नमस्कार करा. मग थोडं थांबून ज्यांचं नाव नाही त्यांची आठवण काढा.

मागच्या वर्षी आमच्या केंद्रातल्या आठजणी तिथं गेल्या होत्या. बागेत उन्हाला बसलेल्या तिथल्याच एका आजीबाई आमची नऊवारी बघून जवळ आल्या. महाराष्ट्रातून आलोत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्या घरातलं कुणी होतं का इथं? आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. असेलही कुणीतरी. आमच्यात बीडची होती, साताऱ्याची होती, नाशिककडची होती. पाच-सात पिढ्यांमागचं कुणी बैल हाकत गेलं असेल, कुणी भाला घेऊन, कुणी कडेवर पोर घेऊन. पण सरदारांच्या घरी वंशावळ असते. बाकीच्यांच्या घरी, गेला तो परत आलाच नाही, एवढंच असतं आणि तेही दोन पिढ्यांनी पुसलं जातं. त्या आजीबाई म्हणाल्या, आमचे होते. त्या रोड समाजाच्या होत्या. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागात हा समाज मोठा आहे. त्यातले बरेचजण स्वतःला रोड मराठा म्हणवतात आणि लढाईनंतर तिथंच राहिलेल्या शिपायांचे वंशज मानतात. याबद्दल अभ्यासकांत वेगवेगळी मतं आहेत. पण दर १४ जानेवारीला काला आंबला शौर्यदिन होतो, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या लोकांबरोबर हे लोकही मोठ्या संख्येनं जमतात. थेट बलुचिस्तानात, डेरा बुगटीकडे, स्वतःला मराठा म्हणवणारे लोक आहेत, तेही पानिपतवरून नेलेल्या कैद्यांशी आपलं नातं सांगतात.

शहरात आणखी तीन ठिकाणं आहेत. एक, पानिपतच्या लढायांची माहिती देणारं वस्तुसंग्रहालय. दुसरं, देवीचं देऊळ. तिथलं महादेवाचं देऊळ लढाईनंतर पानिपतातच राहिलेल्या मंगल रघुनाथ नावाच्या मराठ्यानं बांधलं, असं सांगतात. तिसरं, बू अली शाह कलंदर यांचा दर्गा. त्याच्या आवारात ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली या मोठ्या उर्दू कवीची कबर आहे. हे हाली पानिपतचेच, जन्म १८३७चा. त्यांनी १८८४ साली ‘मुनाजात-ए-बेवा’ नावाची कविता लिहिली. मुनाजात-ए-बेवा म्हणजे विधवेची प्रार्थना. ज्या गावाचं नाव आपल्याकडे हजारो घरांतल्या रांडावपणाशी जोडलं गेलं, त्याच गावच्या माणसानं विधवेच्या मनातलं दुःख मांडावं, हे आम्हाला फार मोठं वाटलं. तेव्हा वेळ काढून त्या कबरीपाशीही दोन मिनिटं उभ्या राहा.

विधवांचा विषय निघालाच आहे, तर पार्वतीबाईंबद्दल बोललं पाहिजे. पार्वतीबाई म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. त्या स्वतः पानिपतावर होत्या आणि त्या गर्दीतून जीव वाचवून पुण्याला पोचल्या. नवरा गेला हे त्यांनी कधी मानलं नाही. पुढे वीसेक वर्षं त्या जगल्या, त्या सौभाग्याची लेणी ठेवूनच. मग एक तोतया उभा राहिला, मीच भाऊ म्हणून. चौकश्या झाल्या, साक्षी झाल्या, १७७६ साली त्याचं मोठं बंडही झालं आणि शेवटी त्याला देहदंड झाला. त्या सगळ्या काळात पार्वतीबाईंच्या मनाचं काय झालं असेल? गोपिकाबाईंचं बघा. जानेवारीत थोरला मुलगा विश्वासराव गेला आणि जूनमध्ये नवरा, नानासाहेब पेशवे, त्याच दुःखात पर्वतीवर गेले. राजघराण्यात ही गत, तर वाड्यावस्त्यांवर काय असेल?

लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना मराठेशाहीत जमिनीचं किंवा रकमेचं साहाय्य मिळे, त्याला बालपरवेशी म्हणत. म्हणजे मागे राहिलेल्यांना जगवणं ही राज्याची जबाबदारी आहे, ही समज तेव्हाही होती. पण पार्वतीबाईंनी कुंकू ठेवलं ते त्या पेशव्यांच्या घरच्या म्हणून निभावलं. बाकीच्या हजारो बायकांच्या वाट्याला असा हट्ट धरणं आलं नाही. नवरा मेला की जिवंत आहे याची खबरही नाही, आणि तरी एक दिवस भावकीनं ठरवायचं, की आता हिचं कुंकू पुसा.

मैत्रिणींनो, हे अडीचशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं ही प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला की प्रथा संपते असं नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. येत्या आठवड्यात घरोघर हळदीकुंकू होईल. किती घरांत जाऊबाई आत स्वयंपाकघरात बसून राहतील, किती ठिकाणी नणंदेला वाण मिळणार नाही, ते मोजा. सीमेवर वीरमरण आलेल्या जवानाचा फोटो चौकात लावतात, त्याच्या नावाची कमान उभारतात. त्याच्या बायकोला मात्र शेजारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही. लढून मेलेल्याचा मान आणि त्याच्या मागे राहिलेलीचा अपमान, हे दोन्ही एकाच गावात कसं चालतं?

ज्यांना पानिपतला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी रणांगणं जवळही आहेत. उदगीर आहे. जामखेड तालुक्यात खर्डा आहे, तिथं १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. गडहिंग्लजजवळ नेसरीची खिंड आहे, जिथं प्रतापराव गुजर पडले. पन्हाळा-विशाळगडाच्या वाटेवर पावनखिंड आहे. तिथं बाजीप्रभूंची आठवण काढताना त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या बांदल मावळ्यांची आठवण काढा, आणि शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन मरण पत्करणाऱ्या शिवा काशीदची काढा. हे पाच प्रश्न तिथंही लागू पडतात.

आणखी जवळचं सांगू? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा जिल्ह्यांत कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते. पहिल्या महायुद्धाची, १९१४ ते १९१९. या गावातून इतकी माणसं लढाईला गेली, त्यातली इतकी मेली, एवढंच तिच्यावर असतं. नुसते आकडे, नावं नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात मेले आणि ते गाव आज अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर ती शोधा. चुना लागून अक्षरं बुजली असतील तर पाणी आणि मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा, तार किंवा खरखरीत ब्रश मारू नका. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसा आणि विचारा, कुणाकुणाच्या घरचे गेले होते, मागे बायका कशा राहिल्या, पेन्शन मिळाली का, शेत कुणी कसलं. जे कळेल ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. पाटीवरच्या आकड्यांपुढे दोन नावं जरी लागली तरी काम झालं.

तर यात्रेला निघणाऱ्या गटांनी पानिपतला अर्धा दिवस जरूर ठेवावा. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे धुकं आणि कडाक्याची थंडी असते, गाड्या उशिरा धावतात, तेव्हा वेळेत सूट ठेवा आणि स्वेटर, कानटोपी घ्या. हे शहर हातमागाचं आणि ब्लँकेटांचं आहे, आपल्या आठवडी बाजारातली किती कांबळी तिथूनच आलेली असतात, तेव्हा थोडी खरेदीही होईल. निघताना गावची मूठभर माती आणि थोडा तिळगूळ बरोबर न्या. काला आंबला माती ठेवा आणि तिळगूळ तिथं भेटेल त्या बाईला द्या.

ज्या घरी राहणार आहेत त्यांच्यासाठी या संक्रांतीचं काम एकच. आपल्या गटाच्या हळदीकुंकवाला गावातल्या एकूण एक बाईला बोलवायचं, नवरा असलेली, गेलेली, टाकलेली, सगळ्यांना. बोलावणं कुणाकडून पाठवायचं नाही, गटातल्या दोघींनी जाऊन द्यायचं. आत बसलेल्या जाऊबाईंना हाताला धरून बाहेर आणायचं. कुंकू ज्यांना हवं त्यांना लावायचं, ज्यांना नको त्यांच्यावर जबरदस्ती नाही, पण वाण सगळ्यांना सारखं. आणि सगळ्या बसल्यावर कुणीतरी एकीनं पानिपतच्या गोलात मधे कोण होतं, हे पाच मिनिटांत सांगायचं.

कुणाकुणाला बोलावलं, कोण आलं, कोण का आलं नाही, हे आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते तुमच्याच आवाजात ऐकवू. तिळगूळ घ्या, गोड बोला. नमस्कार.